मीटरपर्यंत महापालिकेचं, मीटरनंतर आपलं

(१५ ऑगस्ट २०२५ रोजी झेंडावंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं कमिटीनं मला ‘जुन्या आठवणी’ असा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. आठवणी पुष्कळ आहेत. पहिल्या गणपतीत मंडपाचा बांबू कसा पडला, लिफ्ट बंद पडली तेव्हा कोण कितव्या मजल्यावर अडकलं, हे सगळं इतर मंडळी माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी पाण्याबद्दल बोलणार आहे. सोसायटीत मी पाच वर्षं सचिव होतो आणि नोकरीत बत्तीस वर्षं बॉयलर हाऊसमध्ये पाणी तपासत होतो. दोन्ही कामांत पाण्यानंच मला शहाणं केलं. एकदा फार महागात शहाणं केलं, ते शेवटी सांगतो.

आधी गेल्या महिन्यातल्या पार्किंगमधल्या प्रयोगाबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला. एक तरुण आला, टेबल मांडलं, दोन ग्लास ठेवले. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्यांचं एक यंत्र बुडवून वीज सोडली. आपलं पाणी मिनिटभरात तपकिरी, गढूळ, शेवाळल्यासारखं झालं. त्याचं स्वच्छच राहिलं. “काका, हे तुम्ही रोज पिता!” असं तो म्हणाला आणि आमच्या समोरच्या सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या संध्याकाळपासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, आपलं पाणी हार्ड आहे का?

मंडळी, त्या ग्लासातला गाळ पाण्यातला नव्हता. तो त्या लोखंडी कांड्यांचा होता. पाण्यात थोडे क्षार असले की त्यातून वीज जाते, वीज गेली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज जात नाही, म्हणून गंज होत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला म्हटलं, “बाळा, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून दाखव.” त्यानं यंत्र पिशवीत घातलं. मी त्याला दोष देत नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. पण त्या प्रयोगाला घाबरून एका आठवड्यात आपल्याकडे अकरा मशीन आल्या, म्हणून हे सांगणं भाग आहे.

आता ‘हार्ड’ म्हणजे काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात त्याला कठीण पाणी किंवा दुष्फेन पाणी म्हणतात, गावाकडे आम्ही जड पाणी म्हणायचो. पाऊस पडतो तेव्हा पाणी मऊ असतं. ते जमिनीत मुरलं, खडकातून वर्षानुवर्षं झिरपत राहिलं, की त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. जितका मुक्काम जास्त, तितकं पाणी जड.

मी मूळचा बार्शीकडचा. आमच्या घराजवळच्या आडाचं पाणी असं होतं की अंघोळीला साबण घासून घासून झिजायचा, पण फेस नाही. केसांची जट व्हायची. तुरीची डाळ तर त्या पाण्यात शिजायचीच नाही. दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा अख्खा. म्हणून आई डाळीपुरतं पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून आणायची. आमच्या घरात पाण्याच्या दोन घागरी होत्या, एक वापरायची आणि एक डाळीची. डाळीच्या घागरीला हात लावला तर मार बसायचा. पुढे कारखान्यात लागलो तेव्हा कळलं की आई रोज पाण्याची हार्डनेस टेस्टच करत होती, फक्त तिची प्रयोगशाळा चुलीवर होती.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी १९८१ साली नोकरीला लागलो. बॉयलरला जड पाणी चालत नाही. आत खपली धरते, नळ्या तापतात, फुगतात आणि फुटतात. म्हणून दर शिफ्टला आम्ही पाणी तपासायचो. चंचूपात्रात पाणी घ्यायचं, रंगद्रव्याचे थेंब टाकायचे, पाणी जड असेल तर ते लालसर होतं. मग वरून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं आणि किती द्रावण गेलं ते वाचायचं. बत्तीस वर्षं मी तो लालाचा निळा होताना पाहिला आहे. निवृत्त झालो तरी सामान घरात आहे. सौ. म्हणतात की लोक निवृत्तीनंतर तबला शिकतात, तुम्ही नळ शिकता.

गेल्या आठवड्यात आपल्या गेटजवळच्या मीटरपाशी, महापालिकेच्या लाईनचं पाणी घेऊन मी तपासलं. हार्डनेस आला लिटरला ४४ मिलिग्रॅम. एकूण विरघळलेले क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, ते ७८. आता पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० काय म्हणतं? हार्डनेस २०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, नाइलाजानं २००० पर्यंत. आपण त्याच्या पासंगालाही नाही. बार्शीच्या आडावर डाळीची घागर घेऊन जाणाऱ्या माझ्या आईला हे पाणी मिळालं असतं, तर तिनं नळाला हळदीकुंकू वाहिलं असतं.

हे पाणी इतकं मऊ का? कारण ते पावसाचं आहे आणि खडकात मुक्काम न करता आपल्याकडे येतं. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. २००२ साली नवी मुंबई महापालिकेनं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या राज्यातल्या मोजक्या महापालिकांपैकी आपली एक. पातळी ८८ मीटरला पोचली की धरण भरलं म्हणायचं. दिवसाला ४५ कोटी लिटर पाणी देण्याची या योजनेची क्षमता आहे. त्यासाठी तिथल्या गावांनी आणि वाड्यांनी जमिनी दिल्या आहेत, हे नळ सोडताना कधीतरी आठवावं.

माथेरानच्या डोंगराकडून चार महिने धो-धो उतरणारं पाणी तिथे साठतं. मग भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या, तेच काम तिथे मोठ्या प्रमाणावर होतं. गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं आणि शेवटी क्लोरीन घालतात. तो क्लोरीन महत्त्वाचा. जंतू मारून झाल्यावरही तो थोडा शिल्लक राहायला हवा, मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. तो पाण्याबरोबर चालणारा राखणदार आहे. पावसाळ्यात कधी नळाला औषधासारखा वास आला की आपण नाक मुरडतो. मंडळी, तो वास राखणदार जागा असल्याची खूण आहे.

मग आरओ हवा की नको? आरओ ही वाईट गोष्ट नाही. जिथे बोअरचं खारं पाणी प्यावं लागतं, फ्लोराइड आहे, तिथे तो वरदान आहे. पण आपल्या ७८ टीडीएसच्या पाण्याला लावला तर तो १० वर आणतो. चव जाते, होते नव्हते ते क्षार जातात. शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती मशीन साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. आपल्या ९६ पैकी ७० घरांत आरओ आहे असं धरा, घरटी १५ लिटर पाणी काढलं, तर रोज दोन हजार लिटरच्या वर चांगलं पाणी मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ सालीच म्हटलं होतं की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओची गरज नाही. आणि एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. मशीनमधला कोळसा क्लोरीन काढून घेतो. म्हणजे तुमच्या आरओच्या टाकीत जे पाणी साठतं त्याला राखणदार नसतो. ती टाकी आणि फिल्टर वेळच्या वेळी साफ नाही केले, तर जंतूंना तिथे मोकळं रान.

याच वर्षी जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे रुग्ण निघाले. चालती-फिरती माणसं अंथरुणाला खिळली, काहींना व्हेंटिलेटर लागला. संशय पाण्यावर गेला आणि विहिरीपासून टँकरपर्यंत सगळीकडचे नमुने तपासले गेले. त्यात खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही दोष सापडले आणि महापालिकेनं त्यातले काही बंद केले. वीस लिटरच्या थंडगार जारवर ‘शुद्ध’ लिहिलेलं असतं, ते लिहायला फक्त रंग लागतो.

आता आपल्या पुढच्या एजीएममध्ये येणारा विषय. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढाताण होते, टँकर मागवावे लागतात, खर्च होतो. म्हणून सूचना आली आहे की बोअरवेलवर सॉफ्टनर बसवावा आणि ते पाणी खालच्या मोठ्या टाकीत सोडावं. हेतू चांगला आहे, मांडणारे आमचे तरुण मित्र आहेत, त्यांनी कोटेशनंही आणली आहेत. पण बोअरचं पाणी मी तपासलं. हार्डनेस ७१०, टीडीएस २,२४०. आपला सेक्टर खाडीच्या भरावावर उभा आहे, खाली खारं पाणी असणारच. सॉफ्टनर काय करतो? कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम देतो. पाण्याला फेस येईल, नळावर पांढरं पुट धरणार नाही, पण खारेपणा जसाच्या तसा. टीडीएस कमी होत नाही. ब्लडप्रेशरवाल्या मंडळींना डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात आणि आपण ते नळातून देणार. आणि सॉफ्टनर एकही जंतू मारत नाही. बोअरचं पाणी फ्लशला, बागेला, गाड्या धुवायला उत्तम आहे. त्याची लाईन आज वेगळी आहे, ती वेगळीच राहू द्या. एकदा का दोन पाणी एका टाकीत आली की कुठलं कशानं बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

तर हार्डनेसचा प्रश्न मी इथे संपवतो. नळाचं पाणी जड नाही. आणि पाणी जड असणं हा मुळात जीव घेणारा दोषही नाही. साबण जास्त लागतो, गिझर खराब होतो, डाळ शिजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणानं कुठलीही मर्यादा घातलेली नाही. जीव घेणारा दोष वेगळा असतो, तो दिसत नाही, त्याला चव नसते आणि टीडीएसच्या मीटरवर तो येत नाही. हे मला २००९ साली कळलं. आता ती गोष्ट.

त्या वर्षी मी सचिव होतो. एप्रिलमध्ये दोन्ही टाक्या साफ करण्याचं कोटेशन आलं होतं, ७,२०० रुपयांचं. त्याच वेळी बिल्डिंगचा रंग चालू होता, पैसे त्यात अडकले होते. शिवाय टाकी साफ करायची म्हणजे एक दिवस पाणी बंद, लोक ओरडणार. मी कोटेशनवर शेरा मारला, ‘दिवाळीनंतर पाहू’. तो कागद अजून फाइलला आहे. ७,२०० रुपये भागिले ९६ घरं, घरटी ७५ रुपये.

खालच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात तडकलं होतं. वॉचमननं मला दोनदा सांगितलं होतं. तिथून सहा फुटांवर गटाराचं चेंबर. जुलैत जोराचा पाऊस झाला, पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी साचलं, चेंबर उलटं वाहू लागलं. चार तासांत पाणी ओसरलं. आम्ही मुलांचे कागदी होड्यांचे फोटोसुद्धा काढले. आत टाकीत काय गेलं याचा विचार माझ्या मनात आला नाही. ज्यानं आयुष्यभर पाणी तपासलं, त्या माणसाच्या मनात आला नाही.

महिनाभर काही झालं नाही. मग ऑगस्टच्या मध्याला बी विंगमध्ये एका मुलाला कावीळ झाली. मी म्हणालो, “बाहेरची पाणीपुरी खाल्ली असेल.” आठवड्यानं आणखी दोघांना. मी म्हणालो, “शाळेतलं पाणी असेल.” कारण काविळीचं असं आहे की पाणी आज बिघडतं आणि माणूस पाच-सहा आठवड्यांनी पिवळा होतो. तोवर पावसाचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग बी विंगमधल्याच आमच्या वहिनींची मुलगी आजारी पडली. ती बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना. ही मुलगी माझ्या मुलीबरोबर याच आवारात लगोरी खेळून मोठी झालेली. रिपोर्ट आला हेपेटायटिस ई. इतरांना हा आजार बहुधा महिना-दीड महिना झोपवून सोडतो, पण गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या महिन्यांत, तो जिवावर बेततो. तिला आयसीयूत ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, बाहेरचं काही म्हणजे काही दिलं नव्हतं हो तिला. घरचंच सगळं. पाणीसुद्धा घरचंच.”

ते वाक्य ऐकून मी जिना उतरलो तेव्हा मला सगळं लख्ख कळलं होतं. तरी माणसाचं मन बघा. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं? महापालिकेला तक्रारीचं कडक पत्र लिहिलं, की आपण आम्हाला दूषित पाणी देत आहात. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं आली. त्यांच्याकडे ओटी टेस्टची पेटी होती. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आधी आमच्या मीटरच्या नळाचं पाणी घेतलं, छान पिवळं झालं. मग खालच्या टाकीतलं घेतलं. थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. वरच्या टाकीतलं, पांढरं. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं, पांढरं. शिवाय जंतू तपासायच्या एका बाटलीत टाकीचं पाणी भरून ठेवलं, ती दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली. त्यांच्यातला एक जण मला शांतपणे म्हणाला, “साहेब, मीटरपर्यंत आमचं. मीटरनंतर तुमचं.” त्यानं आवाजही चढवला नाही. आजच्या भाषणाचं नाव मी त्याच्याकडून घेतलं आहे.

त्या दिवशी आम्ही टाकी उपसली. तळाला चार बोटं गाळ होता. त्यात काय काय होतं ते या शुभदिनी सांगत नाही. नऊ जणांना कावीळ झाली होती. सगळे बरे झाले. वहिनींची मुलगी एकोणीस दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तिचं बाळ दिवसांच्या आधी जन्मलं, पण जगलं, दोघंही जगली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अशा केसेसमध्ये प्रत्येक वेळी असं होत नाही. तो बाळ यंदा मार्चमध्ये दहावी झाला. आज झेंड्याची दोरी त्यानं ओढली. ही गोष्ट इथे सांगण्याआधी मी वहिनींची, त्यांच्या मुलीची आणि त्याची परवानगी घेतली आहे. माफी मी तेव्हा त्यांच्या घरी जाऊन मागितली होती. पण चूक सोसायटीची होती आणि सचिव म्हणून माझी होती, म्हणून आज सोळा वर्षांनी सोसायटीसमोरही मागतो.

आपण काही एकटे नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. तिथलं कारण शहराच्या पातळीवरचं होतं, आपलं एका झाकणाचं होतं. पण पाण्यात सांडपाणी मिसळलं की कावीळ येते, त्यात शहर आणि सोसायटी असा फरक जंतू करत नाहीत.

त्यानंतर आपण चार नियम केले. टाक्या वर्षातून दोनदा साफ करायच्या, एकदा मेअखेर पावसाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी. झाकणं लोखंडी, कडेला उंच ओटा, कुलूप लावलेलं. गटाराचं चेंबर टाकीपासून लांब हलवलं. आणि चौथा नियम, दर सोमवारी तीन ठिकाणी ओटी टेस्ट आणि तिची नोंद वहीत. मीटरचा नळ, खालची टाकी आणि कुठल्याही एका घरातला नळ. ती निळ्या पुठ्ठ्याची पाणीवही वॉचमनच्या केबिनमध्ये असायची. आमचे जुने वॉचमन पाचवी शिकलेले, पण त्यांच्या हातच्या नोंदी बघाव्यात. ‘मीटर पिवळे. टाकी पिवळे. सी-३०२ फिके पिवळे, सचिवांना सांगितले.’ एकदा तर रात्री साडेदहाला त्यांनी माझं दार वाजवलं, “साहेब, पाणी पांढरं आलं.” गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं सरकलं होतं आणि आत कबूतर पडलं होतं. त्या रात्री आपण पाणी सोडलं नाही. सकाळी टाकी धुतली, टीसीएल पावडर टाकली, मग सोडलं. त्या वेळी कुणीही आजारी पडलं नाही, म्हणून ती गोष्ट कुणाच्या लक्षातही नाही. चांगल्या देखभालीचं दुखणं हेच, की तिची आठवण राहत नाही.

भाषणाची तयारी म्हणून गेल्या रविवारी मी ती वही शोधली. केबिनच्या माळ्यावर, जुन्या रजिस्टरांच्या खाली सापडली. शेवटची नोंद १६ मार्च २०२०. मग लॉकडाऊन लागला, वॉचमन गावी गेले, नवे आले, कमिटी बदलली. पाच वर्षं झाली, आपण एकदाही पाण्याला थेंब लावून बघितलेले नाहीत. टाक्या साफ होतात, वर्षातून एकदा, पैसे आणि वेळ जमेल तसं. ही कुणावर टीका नाही. ‘दिवाळीनंतर पाहू’ हे माझेच शब्द होते. पण त्याच पाच वर्षांत आपण घरोघर मिळून काही लाख रुपयांच्या मशीन घेतल्या. प्रत्येकानं आपापल्या ओट्यावरचं पाणी राखलं आणि सगळ्यांची मिळून जी टाकी आहे तिच्याकडे कुणी बघितलं नाही. त्याच टाकीच्या पाण्यानं आपण दात घासतो, भाजी धुतो, लहान मुलं अंघोळ करताना ते पितात.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझं मागणं मोठं नाही. एक, टाकीची सफाई वर्षातून दोनदा, आणि तिचा खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीवर, रंगाच्या आधी. दोन, बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत नाही. टँकर मागवायचा झालाच तर आधी त्याची ओटी टेस्ट, मगच पाइप टाकीत. तीन, वर्षातून एकदा पावसाळ्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून जंतूंची तपासणी, आणि रिपोर्ट नोटीस बोर्डावर, चांगला असो वा वाईट. चार, पाणीवही पुन्हा सुरू.

घरच्या घरी काय करायचं, असं भगिनी मला विचारतात. पावसाळ्यात पिण्याचं पाणी खळखळून उकळा, नाहीतर साधा यूव्हीचा फिल्टर पुरे. कावीळ, जुलाब, टायफॉइड यांना उकळी पुरून उरते. पाणी झाकून ठेवा, ओगराळ्यानं घ्या, बोटं बुडवून पेला भरू नका. नळाचं पाणी एकदम गढूळ आलं, वास आला, तर ग्रुपवर फोटो टाकून थांबू नका, सचिवांना फोन करा. आणि घरात दोन दिवसांत दोघांना उलट्या-जुलाब झाले तर पाणीपुरीला दोष देण्याआधी शेजारी विचारा, तुमच्याकडे कसं आहे?

शेवटचं. ओटी टेस्टचं किट मी विकत आणलं आहे, ते आज सोसायटीला देतो. पाणीवही नवीन आणली आहे, पुठ्ठा निळाच आहे. पहिली नोंद कुणी करायची? मी म्हटलं मीच करतो, पण मघाशी ज्यानं झेंड्याची दोरी ओढली तो म्हणाला, “आजोबा, मला शिकवा.” म्हणून आज सकाळी सात वाजता आम्ही दोघं खाली होतो. मीटरचा नळ, पिवळा. खालची टाकी, फिकट पिवळी. वहिनींच्या स्वयंपाकघरातला नळ, फारच फिकट, डोळे बारीक करून बघावा लागला इतका. त्यानं तसंच लिहिलं आहे. म्हणजे राखणदार वाटेत कुठेतरी थकतो आहे, आणि वरची टाकी उघडून बघायला हवी. कमिटीला विनंती आहे की ते दिवाळीनंतर नको, येत्या रविवारी करू या. मी येतोच आहे. शिडी धरायला अजून दोघं हवेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र.